एकाच बापाचे दोन वळू, पण गोठवल्यावर एकाचंच वीर्य का टिकतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका वीर्य केंद्रात दोन एचएफ (होल्स्टिन फ्रीजियन) संकरित वळू आहेत. बाप एक, आया वेगळ्या. वय जवळपास सारखं, गोठा तोच, खुराक तोच, डायल्युटर (वीर्यात मिसळायचं संरक्षक द्रावण) तोच, फ्रीझर तोच. ताज्या वीर्यात शुक्राणूंची हालचाल दोघांचीही ७५ ते ८० टक्के, विकृत शुक्राणूंचं प्रमाणही मर्यादेत. पण कांडी, म्हणजे वीर्य भरलेली बारीक नळी, गोठवून पुन्हा वितळवली की एकाची हालचाल ५५ टक्क्यांवर येते आणि दुसऱ्याची ३० च्या पुढे सरकत नाही. दोघांच्याही जनुकीय चाचण्यांचे अहवाल स्वच्छ आहेत. विचारणाऱ्या तरुण पशुवैद्यांना तीन गोष्टी हव्या आहेत: हा दोष आनुवंशिक म्हणायचा का, खोंड घेतानाच तो ओळखता आला असता का, आणि या दुसऱ्या वळूचे मुलगे पुढे पैदाशीसाठी घ्यावेत का.

डॉक्टर, सुरुवात तुमच्या त्या स्वच्छ अहवालांपासून करतो, कारण गोंधळ तिथूनच सुरू होतो. केंद्रात वळू घेताना आपण काय तपासतो? कॅरियोटाइप, म्हणजे ६० गुणसूत्रं नीट आहेत की नाहीत आणि १ व २९ क्रमांकाची गुणसूत्रं एकमेकांना चिकटलेली नाहीत ना. त्याखेरीज ब्लॅड, सिट्रुलिनेमिया, डम्प्स आणि फॅक्टर इलेव्हनची कमतरता. ब्लॅडमध्ये वासराची प्रतिकारशक्ती कोलमडते. सिट्रुलिनेमियाचं वासरू जन्मल्यावर आठवड्याच्या आत दगावतं. डम्प्समध्ये गर्भ चाळीसेक दिवसांत जिरतो. फॅक्टर इलेव्हन नसेल तर रक्त गोठायला वेळ लागतो. यांतली एकही चाचणी शुक्राणू उणे १९६ अंशांतून जिवंत परत येईल की नाही याबद्दल अवाक्षर काढत नाही. अहवालावर ‘निगेटिव्ह’ असणं म्हणजे त्या मोजक्या दोषांपुरतं निगेटिव्ह. वीर्य गोठण्याची क्षमता ठरवणारी जनुकं वेगळी आहेत, खूप आहेत, आणि बहुतेकांची चाचणी आज बाजारात मिळत नाही.

आता कांडीत नेमकं काय घडतं ते पाहू. जनुकांचा संबंध कुठे येतो, हे त्याशिवाय कळत नाही.

वीर्य ३७ अंशांवरून ४-५ अंशांवर आणताना पहिला घाव शुक्राणूच्या बाहेरच्या पडद्यावर बसतो. हा पडदा चरबीचा. साजूक तूप थंडीत थिजतं आणि त्याच फडताळातलं करडईचं तेल पातळ राहतं, तसंच इथे आहे: पडद्यात कोणती चरबी किती, यावर तो कुठल्या तापमानाला थिजणार हे ठरतं. सगळा पडदा एकदम थिजत नाही. काही भाग घट्ट होतात, काही पातळ राहतात, आणि त्यांच्या सांध्यांतून गळती सुरू होते. कोलेस्टेरॉल भरपूर असेल तर हा धक्का सौम्य होतो. माणसाच्या शुक्राणूच्या तुलनेत वळूच्या शुक्राणूत कोलेस्टेरॉलचं फॉस्फोलिपिडशी, म्हणजे पडद्याच्या मुख्य चरबीशी, असलेलं प्रमाण निम्म्याच्या आसपास असतं. शिवाय त्याच्या पडद्यात डीएचए या बहुअसंतृप्त स्निग्धाम्लाची रेलचेल. त्यामुळे पडदा लवचिक राहतो खरा, पण ऑक्सिजनच्या माऱ्यात लवकर खराब होतो.

दुसरा घाव पुढे, साधारण उणे ५ ते उणे ५० अंशांच्या टप्प्यात. बाहेरच्या पाण्याचा बर्फ होतो, उरलेल्या द्रवात क्षार दाटतात, आणि शुक्राणूच्या आतलं पाणी बाहेर ओढलं जातं. ते वेळेत बाहेर पडलं नाही तर आतच बर्फाचे स्फटिक होतात. फार बाहेर पडलं तर पेशी आक्रसून मरते. ग्लिसरॉलचं सगळं काम या मधल्या टप्प्यातलं. १९४९ साली पोल्ज, स्मिथ आणि पार्क्स यांनी ग्लिसरॉलचा हा गुण दाखवून दिला आणि गोठीत वीर्याचा सगळा धंदा त्यावर उभा राहिला. पण पाणी बाहेर जायला आणि ग्लिसरॉल आत यायला पडद्यात दारं लागतात. ही दारं म्हणजे अ‍ॅक्वापोरिन जातीची प्रथिनं. वळूच्या शुक्राणूंवरच्या अभ्यासात या गटातल्या अ‍ॅक्वापोरिन-७ चं प्रमाण आणि गोठवण सोसण्याची क्षमता यांचा संबंध सापडला आहे. प्रथिन किती तयार होणार आणि कसं तयार होणार हे जनुकावर अवलंबून, म्हणून वळूगणिक फरक.

तिसरी गोष्ट पडद्याबाहेरची, वीर्यद्रवातली. सेमिनल व्हेसिकल ग्रंथींतून बीएसपी नावाची, शुक्राणूला चिकटणारी प्रथिनं येतात. गाईच्या शरीरात शुक्राणूला फलनासाठी तयार करणं हे त्यांचं काम, आणि ते काम त्या शुक्राणूच्या पडद्यातलं कोलेस्टेरॉल आणि फॉस्फोलिपिड काढून घेऊनच करतात. निसर्गात हे ठीक, कारण तिथे संपर्क थोड्या वेळाचा. पण संकलनानंतर वीर्य तसंच ठेवलं, की हीच प्रथिनं गोठवण्याआधीच पडदा विरळ करत बसतात. आपण डायल्युटरमध्ये अंड्याचा बलक घालतो त्याचं खरं कारण इथे आहे: बलकातले लो-डेन्सिटी लिपोप्रोटीन, म्हणजे चरबी-प्रथिनांचे कण, बीएसपीला धरून ठेवतात. ज्या वळूच्या वीर्यद्रवात बीएसपी जास्त, त्याला नेहमीच्या प्रमाणातला बलक कमी पडू शकतो. वीर्यद्रवातल्या प्रथिनांच्या अभ्यासात काही प्रथिनं चांगल्या वळूंकडे अधिक दिसतात, ऑस्टिओपॉन्टिन हे त्यांतलं प्रसिद्ध नाव. पण ते मुख्यतः गर्भधारणेशी जोडलेलं आहे, गोठवणीशी तितकं नाही. दोन्हींत गल्लत करू नये.

हीट शॉक प्रोटीनांचाही, म्हणजे ताणात पेशीला सांभाळणाऱ्या प्रथिनांचाही, बराच बोलबाला आहे. गोठवल्यावर शुक्राणूतलं एचएसपी-९० घटतं हे अनेक प्राण्यांत दिसलं आहे, आणि एचएसपी-७० च्या जनुकातले फरक आपल्याकडच्या संकरित वळूंवरही तपासले गेले आहेत. माझं मत सांगतो: अशा एकेका जनुकाच्या ‘मार्कर’चे निष्कर्ष बहुतेक वेळा थोड्या वळूंवरचे असतात आणि दुसऱ्या कळपात गेले की विरघळतात. त्यांच्या भरवशावर वळू घेऊ नका, आणि काढूही नका.

इथे एक मूलभूत गोष्ट पक्की करून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. तयार शुक्राणू स्वतः काही घडवू शकत नाही. त्याचं डीएनए प्रोटामिन नावाच्या प्रथिनाने इतकं घट्ट बांधलेलं असतं, की जनुकं वाचली जाणं जवळजवळ बंदच होतं. जी शिदोरी लागणार आहे ती वृषणात, शुक्राणू घडत असतानाच भरली जाते, आणि काही भर अधिवृषणात, म्हणजे वृषणाला लागून असलेल्या, शुक्राणू पिकवणाऱ्या नळीत पडते. शिवाय घडणाऱ्या पेशी एकमेकींना पेशीद्रवाच्या पुलांनी जोडलेल्या असतात. एका शुक्राणूच्या वाट्याला बापाच्या जनुकाची चांगली प्रत आली आणि शेजारच्याला वाईट, तरी प्रथिनं दोघांत वाटली जातात. म्हणून ढोबळमानाने शुक्राणूची तब्येत त्याच्या स्वतःच्या अर्ध्या संचावर ठरत नाही, ती वळूच्या पूर्ण, जोडीच्या संचावर ठरते. सदोष जनुकाची एकच प्रत असलेल्या वाहक वळूचं वीर्य म्हणूनच बहुतेकदा ठणठणीत निघतं, आणि दोष दिसतो तो दोन्ही प्रती सदोष आल्या की.

याचा दुसरा परिणाम कॅलेंडरवर दिसतो. वळूमध्ये शुक्राणू घडायला सुमारे ६१ दिवस लागतात, वर अधिवृषणातून जायला आठ-दहा दिवस. म्हणजे आज कृत्रिम योनीत जमा झालेलं वीर्य साधारण सत्तर दिवसांपूर्वीच्या हवामानाचं, तापाचं, खुराकाचं फळ असतं. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ ला टेकला, तर त्याची पावती जुलैच्या मध्यावर मिळते, बाहेर हिरवंगार असताना. अशा वेळी ‘हवा तर छान आहे, म्हणजे दोष जनुकांचाच’ असा निष्कर्ष सहज काढला जातो.

आता एकेका जनुकाचे दोष. तेही आहेत, आणि त्यांचा इतिहास मोठा रंजक आहे. डेन्मार्कमध्ये ‘डॅग’ नावाच्या एका जर्सी वळूचे शुक्राणू शेपटीला गुंडाळलेले, उसवलेले निघाले. १९६६ साली ब्लोम यांनी त्या दोषाला त्या वळूचंच नाव दिलं आणि आजही आपण ‘डॅग डिफेक्ट’च म्हणतो. शुक्राणूच्या टोपीला गाठ येणारा नॉब्ड अ‍ॅक्रोसोम फ्रीजियन जातीत, डोकं-शेपूट सुटं होणारा दोष गर्न्सी जातीत, दोन्ही १९४० च्या दशकाच्या शेवटापासून नोंदलेले. अलीकडचं उदाहरण ब्राउन स्विसचं. २०२० मध्ये या जातीत डब्ल्यूडीआर-१९ या जनुकातला एक बदल सापडला. दोन प्रती असलेल्या वळूंचं वीर्य आणि गर्भधारणा दोन्ही खालावतात, एक प्रत असलेले वळू साधारण राहतात. वर सांगितलेल्या पुलांच्या हिशेबाशी हे नीट जुळतं.

पण यांतले बहुतेक दोष ताज्या वीर्यातच डोळ्यांना दिसतात. तुमच्या दुसऱ्या वळूचं ताजं वीर्य ७५-८० टक्के हालतंय आणि विकृत शुक्राणूंचं प्रमाण मर्यादेत आहे असं तुम्ही लिहिता. तेव्हा एखाद्या ठळक एक-जनुकी दोषाची शक्यता मला कमी वाटते. तरीही गोठवलेल्या वीर्याची ओली स्लाइड आणि रंगवलेली स्लाइड दोन्ही एकदा तेलाच्या लेन्सखाली पाहाच. टोपीवरची गाठ कमी शक्तीखाली हमखास निसटते.

आणि एक उलटं उदाहरण ध्यानात असू द्या. जर्मनी-ऑस्ट्रियाच्या फ्लेकफी जातीत काही वळूंचं वीर्य सगळ्या परीक्षांत उत्तीर्ण व्हायचं. घनता, हालचाल, आकार, सगळं नियमात. पण त्या कांड्यांनी भरवलेल्या गाई राहायच्या दोन टक्क्यांहून कमी. २०१४ मध्ये कारण सापडलं: टीएमईएम-९५ या जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी. या प्रथिनावाचून शुक्राणू अंड्यापर्यंत पोचतो, पण त्याचं मीलन होत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली हे कधीच दिसणार नाही. म्हणून गोठवण सोसणं आणि गाभण ठेवणं हे दोन वेगळे गुण आहेत असं मी परत परत सांगतो. १ व २९ गुणसूत्रं चिकटलेल्या वळूचंही तसंच. स्वीडनमध्ये १९६४ साली गुस्तावसन आणि रॉकबोर्न यांनी ते दाखवलं. वीर्य छान गोठतं, पण काही गर्भ सुरुवातीलाच जिरतात आणि गाई उलटतात, म्हणजे पुन्हा माजावर येतात.

मग तुमच्या दोन वळूंतला फरक कशाचा? बहुधा अनेक लहान लहान जनुकांच्या बेरजेचा, आणि त्यात थोडा आईकडचा वाटा. सावत्र भावंडांत सरासरी चौथा हिस्साच जनुकसंच सामाईक असतो. ‘एकाच बापाचे आहेत’ यावरून दोघांकडून सारख्या वागण्याची अपेक्षा ठेवायला तो फारसा पुरेसा नाही. त्यात संकरित म्हटल्यावर फरक आणखी रुंदावतो.

संकरित वळूंबद्दल थोडं सविस्तर बोलतो, कारण आपल्या देशातला हा जुना दुखरा विषय आहे. कर्नालच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेचे करण फ्रीज असोत की मेरठच्या संस्थेने लष्करी फार्मांवर घडवलेले फ्रीजवाल, संकरित वळू वीर्याच्या दर्जावरून बाद होण्याचं प्रमाण देशी वळूंपेक्षा जास्त, हे वारंवार नोंदलं गेलं आहे. कारणं एकाहून अधिक सुचवली जातात. एक शरीररचनेचं, आणि हे मला सगळ्यात पटतं. देशी, म्हणजे वशिंडाच्या गोवंशात वृषणाकडे जाणारी धमनी वृषणाच्या आकाराच्या मानाने लांब असते, तिची भिंत पातळ असते आणि शेजारच्या शिरेशी अंतर कमी असतं. त्यामुळे आत जाणारं रक्त वाटेतच थंड होतं. ब्रिटो, कॅस्टेलिक आणि सहकाऱ्यांनी हे मोजून दाखवलं आहे. संकरित वळूला ही रचना किती मिळेल हे आईबापाकडून काय आलं त्यावर अवलंबून. एका भावाला आईकडून खिलार-देवणीचा तो वाटा मिळाला आणि दुसऱ्याला नाही, तर उन्हाळ्यात दोघांच्या वृषणांचं तापमान वेगळं राहणार. ताज्या वीर्यात तो फरक झाकला जातो, गोठवल्यावर उघडा पडतो. गोठवण हा ताण आहे, आणि कमकुवत शुक्राणू ताणाखालीच ओळखू येतात.

दुसरं कारण विसंगतीचं. आपल्या संकरात सुरुवात देशी गाय आणि एचएफ वीर्य अशी झाली. त्यामुळे माइटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीतली ऊर्जाघरं, देशी आईकडून आणि वाय गुणसूत्र एचएफकडून आलं. विशेष म्हणजे दोन्ही गोवंशांच्या वाय गुणसूत्राचा आकारही वेगळा आहे. देशीचा सेंट्रोमिअर (गुणसूत्राचा आवळलेला सांधा) टोकाला, युरोपीयचा मधल्या बाजूला. शुक्राणूच्या मधल्या भागातल्या माइटोकॉन्ड्रियाला लागणारी बरीचशी प्रथिनं केंद्रकातल्या जनुकांकडून येतात, काही स्वतःच्या. हजारो पिढ्या वेगळे वाढलेले हे दोन संच पहिल्या पिढीत चालून जातात. पुढे संकरित-संकरित जुळण्यांत तुकडे विस्कळीत होतात, तेव्हा कुरबूर होऊ शकते. हे अजून गृहीतक आहे, सिद्ध झालेलं नाही, पण तुमच्या केंद्रात दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचे संकरित वळू असतील तर त्यांच्याकडे या नजरेने पाहायला हरकत नाही.

आता आकड्यांचा हिशेब. वळूगणिक फरक मोठा असतो. पण तो मुलाकडे किती उतरतो? निरनिराळ्या देशांतल्या अभ्यासांत गोठवणीनंतरच्या हालचालीची आनुवंशिकता, म्हणजे वळूगणिक फरकातला जनुकांचा हिस्सा, कमी ते मध्यम निघते. हिशेबासाठी ०.२ धरा. समजा केंद्राची सरासरी ५० टक्के आहे आणि तुमचा वळू ३०, म्हणजे २० अंकांनी खाली. त्यांतला आनुवंशिक भाग २० गुणिले ०.२, म्हणजे ४ अंक. मुलाला त्याचा निम्मा मिळतो, म्हणजे २ अंक. ३० टक्केवाल्या वळूच्या मुलांची सरासरी अपेक्षा ४८ टक्क्यांची निघाली, ३० ची नव्हे. आईकडच्या बाजूने हा फरक सहज भरून निघतो, किंवा वाढतोही.

तेच गणित दुसऱ्या बाजूनेही लावा. एका संकलनावरून वळूची लायकी ठरवू नका. समजा एकाच वळूच्या निरनिराळ्या संकलनांतल्या आकड्यांचा परस्परसंबंध, ज्याला पुनरावृत्ती म्हणतात, तो ०.४ आहे. मग एका संकलनाचा भरवसा ०.४, आणि सहा संकलनांच्या सरासरीचा ०.८. सहा संकलनांनंतर ३० वर टेकलेला वळू सहसा ५० वर येत नाही. म्हणून वळूची वैयक्तिक परीक्षा घ्यायला आकडे भरवशाचे आहेत, पण त्याच्या मुलांचं भविष्य सांगायला नाहीत. अमेरिकेत २००८ पासून वळूंच्या गर्भधारणेचा ‘सायर कन्सेप्शन रेट’ प्रसिद्ध होतो, तोही वळूच्या प्रत्यक्ष कामगिरीचा अंदाज असतो, आनुवंशिक मूल्य म्हणून तो देतच नाहीत. त्यामागे हेच तत्त्व आहे.

तुमच्या वळूचा निकाल लावण्याआधी काही गोष्टी करून पाहा. दोन्ही वळूंचं संकलन एकाच सकाळी, एकाच बॅचमध्ये, एकाच फ्रीझरमध्ये गोठवा, आणि त्या दिवशी इतर वळूंचे आकडे काय आले तेही बाजूला लिहा. सगळ्यांचेच पडले असतील तर दोष बॅचचा. नुसता त्याचाच पडला तर वळूचा. मग त्याच वळूच्या एका संकलनाचे दोन भाग करा. एक तुमच्या नेहमीच्या बलकाच्या ट्रिस डायल्युटरमध्ये, दुसरा सोयाबीन लेसिथिनच्या. वाटल्यास तिसरा भाग वीर्यद्रव हलकेच वेगळा करून. बलक बदलल्यावर किंवा वीर्यद्रव काढल्यावर हालचाल ठळकपणे वाढली, तर गोंधळ बीएसपी आणि चरबीच्या गुंत्यात आहे असं समजा. शुक्राणू मुळात बरा आहे. काहीच फरक पडला नाही तर दोष शुक्राणूच्या आत भरलेला आहे, आणि डायल्युटरशी खेळत महिने घालवण्यात अर्थ नाही.

वितळवलेल्या कांडीकडे पाहण्याची पद्धतही सुधारून घ्या. ३७ अंशांच्या पाण्यात ३० सेकंद, कांडी कोरडी पुसायची, गरम स्टेजवरच्या स्लाइडवर थेंब, कव्हरस्लिप, आणि लगेच आकडा लिहून मोकळं व्हायचं, ही सगळीकडची रीत. तुम्ही तेवढ्यावर थांबू नका. थेंबात नुसते हालणारे मोजू नका, कसे हालतात ते पाहा. चांगल्या वळूचे शुक्राणू सरळ रेषेत दृष्टिक्षेप ओलांडून जातात. कच्च्या वळूचे जागच्या जागी डोकं डोलावतात, किंवा छोट्या वर्तुळात घिरट्या घालतात. ही गोठवणीनेच अवेळी झालेली तयारी, म्हणजे क्रायो-कपॅसिटेशन, असू शकते. सगळ्यांच्या शेपट्या एकाच पद्धतीने उलट्या वळलेल्या दिसल्या तर आधी पाण्याचं तापमान आणि डायल्युटरची ऑस्मोलॅरिटी (क्षार-साखरेची दाटी) तपासा, तो थंडीचा किंवा पातळ द्रवाचा धक्का असतो, जनुकांचा नव्हे. मग उरलेला नमुना ३७ अंशांवर तासभर ठेवा आणि पुन्हा पाहा. शून्य मिनिटाला ५० असलेला वळू तासाने ३५ वर असेल तर तो मजबूत. ५० वरून १५ वर घसरला तर कांडी नियमात बसली तरी गाईच्या पोटात फार टिकणार नाही. केंद्राच्या रजिस्टरमध्ये या तासानंतरच्या आकड्यासाठी रकाना नसतो. शेरा म्हणून लिहून ठेवा.

खोंड घेतानाच हे ओळखता आलं असतं का? पूर्ण नाही, पण अंदाज सुधारता आला असता. वृषणकोशाचा घेर हा इथे सगळ्यात स्वस्त आणि चांगला निकष. त्याची आनुवंशिकता ०.४ च्या आसपास, म्हणजे वीर्याच्या बऱ्याच गुणांपेक्षा वरचढ. फक्त युरोपीय जातींचे आकडे, वर्ष-सव्वा वर्षाला ३० सेंटिमीटर वगैरे, देशी आणि संकरित खोंडांना जसेच्या तसे लावू नका. देशी खोंड उशिरा वयात येतात. दुसरं, बापाच्या आणि आईच्या बापाच्या, म्हणजे आजोबाच्या, गोठवणीच्या नोंदी मागा. दुधाची वंशावळ सगळे मागतात, या नोंदी कुणी मागत नाही. तिसरं, वयात येणाऱ्या खोंडाची पहिली काही संकलनं निकाल म्हणून धरू नका, शिकवणी म्हणून धरा. कोवळ्या वयातलं वीर्य कमीच सोसतं. आणि जवळच्या नात्यातली जुळणी टाळा. सख्खं रक्त मिसळलं की वर सांगितलेले दोन-प्रतींचे दोष वर येण्याची शक्यता वाढते, आणि वीर्याचा एकूण दर्जाही खालावतो.

जनुकीय चिपबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण विचाराल म्हणून सांगतो. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी वाशीमला देशी गोवंशासाठी गोचिप आणि म्हशींसाठी महिषचिप यांचं लोकार्पण झालं. चिप हे जनुकं वाचायचं साधन आहे. चिपला शिकवायला हजारो वळूंच्या प्रत्यक्ष नोंदी लागतात, आणि आज दुधाच्या नोंदींवर जितकं लक्ष आहे तितकं वीर्याच्या नोंदींवर नाही. गंमत अशी की वीर्याचे आकडे दुधापेक्षा सोपे. प्रत्येक केंद्रात प्रत्येक वळूची आठवड्यातली संकलनं, त्यांची घनता, ताजी हालचाल, गोठवल्यानंतरची हालचाल, सगळं वर्षानुवर्षं लिहिलेलं पडून आहे. ते त्या वळूच्या जनुकसंचाशी जोडलं गेलं तर आपल्या संकरित आणि म्हशीच्या वळूंसाठी गोठवणीचा जनुकीय अंदाज आपणच बनवू शकू. परदेशी अभ्यासाचे मार्कर इथे उसने आणायची गरज राहणार नाही. म्हशीच्या वीर्यासाठी तर याची निकड अधिक, कारण मुऱ्हा असो की पंढरपुरी, म्हशीचं वीर्य गोठवण गाईच्या वीर्याहून कमी सोसतं.

लिंगनिश्चित वीर्याचा विचार असेल तर नियम आणखी कडक. त्यात मादी वासरं देणारे शुक्राणू निवडताना डीएनएतला अवघा ३.८ टक्क्यांचा फरक ओळखून, रंग देऊन, लेझरसमोरून एकेक शुक्राणू जातो, आणि कांडीत शेवटी २० लाखांच्या घरात शुक्राणू उरतात. साध्या कांडीत २ कोटी असतात. तिथे कमी सोसणाऱ्या वळूला जागा नाही, कारण मेलेले भरून काढायला मागे संख्याच नसते.

तर आता तुमचा दुसरा वळू. सहा-आठ संकलनं, निदान दोन वेगवेगळ्या ऋतूंतली, आणि वरची विभागून घेतलेली तपासणी, एवढं झाल्यावरही ३० च्या वर येत नसेल तर त्याच्या कांड्या भरू नका. किमान मानकाप्रमाणे वितळवल्यानंतर ५० टक्के हालचाल लागते, आणि मानक बरोबर आहे. काही जण कांडीत शुक्राणूंची संख्या वाढवून ही तूट भरायचं सुचवतात. २ कोटींचे साडेतीन कोटी केले की हालणारे तितकेच मिळतील. हालचालीपुरतं हे खरं. पण ज्या शुक्राणूचा पडदा कच्चा, त्याच्या डीएनएची घडी किती शाबूत आहे हे कोण सांगणार? तो दोष संख्येने भरून येत नाही, आणि गाय उलटली की शेतकऱ्याचे एकवीस दिवस जातात. दुधाची वंशावळ फारच अव्वल असेल तर एकच अपवाद मी मान्य करतो: त्याचं ताजं, थंड केलेलं वीर्य केंद्राच्याच कळपातल्या निवडक गाईंना लगेच वापरणं, म्हणजे त्याचे मुलगे-मुली तरी मिळतील.

आणि मुलग्यांचं विचाराल तर घ्या. दोन अंकांच्या भीतीने चांगली वंशावळ सोडू नका. त्यांच्या आईचा बाप ज्या केंद्रात होता तिथून त्याच्या गोठवणीच्या नोंदी मागवा. तो ५५-६० देणारा असेल तर बिनधास्त घ्या, तोही कच्चा असेल तर सोडा. घेतलेल्या खोंडांच्या पहिल्या सहा संकलनांचे आकडे, तासानंतरच्या हालचालीसह, बापाच्या नावाखाली एकत्र लिहीत जा. एकाच बापाचे चार-पाच मुलगे ओळीने कच्चे निघाले, आणि आया निरनिराळ्या असतील, तर मात्र बापाची ओळ थांबवा आणि त्या सगळ्यांच्या रक्ताचे नमुने जपून ठेवा. अशाच घरातून नवा एक-जनुकी दोष सापडायची शक्यता असते.